हंड्याखालचं कडं

मी गाव सोडलं त्या सकाळी माय तांब्या भरून दारात उभी होती. "पानी पिऊन जा रं लेकरा. तसंच निघू नाय," ती म्हणाली. मी नाही प्यालो. तिच्यामागं कोपऱ्यात हंडा होता आणि हंड्याखाली जळक्या टायरच्या तारेचं कडं. मी पिशवी उचलली आणि फुलंब्रीहून एसटीत बसलो. माय दिवसभर रडली, असं नंतर कळलं. पोरगं पाणी का प्यालं नाही, हे मात्र घरात कुणी विचारलं नाही. ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

भानुदास, तू तेव्हा लहान होतास. आता लिहितोस, नवं घर बांधलं, वास्तुशांतीला ये दादा, आणि मायची आठवण म्हणून ते कडं जपलंय, नव्या घरातही हंडा त्यावरच ठेवणार. वाचून डोक्यात सणक गेली. म्हणून एकदाच सांगतो, नीट वाच.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या गावाचंही डोकं फिरलं. पाच-सहा जण दारात आले. बौद्धवाडा पेटवायचाय, टायर द्या म्हणाले. बा खाली मान घालून उभा राहिला. आपल्या बैलगाडीचं जुनं टायर मेंढरांच्या वाड्यामागं पडलं होतं, कोकरं त्यात निजायची. ते ढकलत दारापर्यंत मी आणलं. होय, मी. बाला नंतर विचारलं तर म्हणाला, "गावात ऱ्हायचंय आपल्याला. नाय कसं म्हनावं?" त्या टायरनं माझ्या वर्गातल्या उत्तमचं घर जळलं. त्याची माणसं रानातून पळाली म्हणून वाचली. रबर जळून गेलं, आतली तार तशीच राहिली. दोन दिवसांनी बा ते कडं राखेतून उचलून घरी घेऊन आला, कारण लोखंड टाकून द्यायचं नसतं. मायनं त्यावर हंडा ठेवला.

शहरात आलो, चितेगावच्या कारखान्यात लागलो. नशिबाची थट्टा बघ, काम टायरचंच. जुनी टायरं कापायची, तार ओढून काढायची, रबराचा भुगा करायचा, तो प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळून तापवायचा आणि साच्यात दाबून गाड्यांच्या बॅटरीखालचे ट्रे काढायचे. पाहुणे येतात, 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणत चहा पिऊन जातात. तूही गावभर मिरवतोस, आमचा दादा टायरचे पार्ट बनवतो. अरे, टाकाऊतून टिकाऊ तर आपल्या बानं माझ्या आधीच केलं होतं!

शिफ्ट, ओव्हरटाइम, शहरातल्या बोलीतलं 'हौ', 'नक्को', सगळं अंगवळणी पडलं. दोन वर्षांनी त्याच कारखान्यात उत्तम आला. साच्यावर तो, तार काढायला मी. त्याला काहीच माहीत नव्हतं. आम्ही एका डब्यात जेवलो, माझ्या बाटलीतलं पाणी दोघं प्यायलो. पुढं विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. मी दोन खाल्ले. लाज वाटली नाही मला!

गेल्या महिन्यात एक ट्रे त्याच्या हातात चिरला. चिरेत बारीक तार निघाली. भुग्यात तार राहिली की माल तिथूनच फाटतो. "तुज्या हातून सुटली बघ," हसत हसत त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली. मग मला राहवलं नाही. टायर, कडं, हंडा, सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या गाडीचं व्हय?" तो म्हणाला. "त्याच गाडीतनं तुज्या बानं माज्या मायला दवाखान्यात नेलं व्हतं." मग म्हणाला, "इतकी वर्सं संगं पानी पिलास, अन् आता सांगतूस?"

आता तो स्वतःची बाटली आणतो. कामापुरतं बोलतो. मला त्याचा राग येत नाही. राग माझा येतो, बाचा येतो, आणि ते कडं तू मिरवत ठेवलंस म्हणून तुझाही येतो.

मायची आठवण हवी तर तिचं लुगडं आहे, जातं आहे. कडं काढ आणि घेऊन इकडं ये. घर आता तू चालवतोस, म्हणून घराच्या वतीनं ते उत्तमच्या पुढ्यात ठेवून आपण काय केलं ते तुझ्या तोंडानं सांग. तो कदाचित दार लावून घेईल. घेऊ दे, तो त्याचा हक्क आहे. इथल्या दोन खोल्यांना मी अजून घर म्हटलेलं नाही, आणि तुझ्या सिमेंटच्या घरालाही आज म्हणणार नाही. उत्तमकडं जाऊन आलो की मग गावी येईन आणि दारातच तांब्याभर पाणी मागेन.

एकटा जाऊ नकोस त्याच्याकडं. मी बरोबर असेन. टायर ढकलत मीच आणलं होतं.