हवेचा सौदा

पाण्याखाली आठ मीटरवर बापूंनी माझा हात धरला, स्वतःच्या जॅकेटखाली ओढला आणि बोटं दाबायला लागले.

मी नेव्हीतला रिटायर्ड डायव्हर. गाव माण तालुक्यात, जिथं आंघोळीच्या पाण्याची मारामार. आता सांगलीकडच्या पूरपथकांना डायव्हिंग शिकवतो. त्या दिवशी पाण्यानं भरलेल्या एका दगडखाणीत बापूंची परीक्षा होती. बापू बैलबाजारातले दलाल, वय बावन्न, पट्टीचे पोहणारे. पावसाळा तोंडावर आलेला. ते नापास झाले तर यंदाही त्यांचं गाव डायव्हरशिवाय.

पाण्यात बोलता येत नाही, सगळं हातानं. ‘हवा किती?’ असा इशारा केला की सिलिंडरचं मीटर बघून बोटांनी आकडा दाखवायचा. भरलेला सिलिंडर म्हणजे दोनशे.

बैलबाजारात मात्र भाव उघड सांगत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबतात. ती भाषा गावच्या बाजारामुळं मलाही येते. बापूंनी दाबले एकशे वीस.

मी मान हलवली. म्हणजे असं नको, उघड दाखवा.

बापूंनी विचार केला. एकशे दहा.

मी जोरात मान हलवली. ऐंशी!

माझी तंतरली. सिलिंडर गळतोय की काय? मीटर त्यांच्या मुठीत. पुन्हा नाही-नाही केलं, तर साठ! त्यांना ओढतच वर आणलं.

वर मीटर बघितलं. एकशे पंधरा.

“बापू, साठ कुठनं आणले?”

“आवं सायेब, तुमीच मान हालवत हुता. गिऱ्हाईक ऐकंना, म्हणून उतरलो.”

“हवा हाय ती, बैल न्हाई!”

“पयल्याच आकड्याला सौदा कवा ठरतो व्हय?”

काठावर खुर्ची टाकून बसलेले आमचे साहेब म्हणाले, “फेल करा यांना.”

बापूंचा चेहरा पडला. “पुरात उतराय आमच्यात दुसरं कोण हाय, सायेब?”

“सर, एक चान्स द्या,” मी म्हणालो.

“एकच. आत्ता.”

पुन्हा उतरलो. तळाशी माझाच पाय गाळाला लागला आणि पाण्याचा चहा झाला. स्वतःचा हात दिसेना. शिकवणारा मी, आणि चूक माझीच! लाज वाटली. इशारे कुणाला दाखवणार?

तेवढ्यात माझा हात कुणीतरी धरला. बोटं दाबली. नव्वद.

मी मुद्दाम त्यांची बोटं दाबून सत्तर सांगितले. उत्तर आलं, नव्वद. ऐंशी म्हटलं. नव्वदच. बापू जन्मात पहिल्यांदा भावावर अडून बसले होते.

वर आल्यावर मी आधी मीटर बघितलं. जवळपास तेवढंच; बापूंनी ते मास्कच्या काचेला चिकटवून वाचलं होतं. साहेबांनी सही केली.

पुराचं पाणी कधी नितळ नसतं, हे मी इतकी वर्षं विसरलोच होतो. आता कोर्समध्ये बोटं दाबून आकडा सांगायचा धडा बापूच घेतात. सुरुवात ठरलेली:

“हवंचा भाव येकच. घासाघीस वर आल्यावर.”