मुळातली गिअरची गाडी

जुन्या दणकट अमेरिकन गाड्या बहुतेक ऑटोमॅटिकच असतात. मुळातच हाताच्या गिअरची क्वचित मिळते. अमेरिकेतल्या माझ्या थोरल्या भावाला तशीच हवी होती. एक सापडली, तेव्हा गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सांगणाऱ्या कोडच्या पट्टीचा फोटो त्याने मला तपासायला पाठवला. मी इकडे माझ्या शहरात, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये होतो. फोटो न उघडताच लिहिलं, "ओरिजिनल आहे दादा, घे."

संध्याकाळी पाहिलं, तर गाडी मुळात ऑटोमॅटिक होती, हाताचा गिअर मागाहून बसवलेला. तोवर त्याने ती घेतली होती. मी सहा वर्षं गप्प बसलो.

परवा तो इकडे माझ्याकडे आला होता; बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, तो माझ्या मित्रांना सांगत होता, "आमच्या धाकट्याने तपासून दिलीय." ते गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

त्याने चमचा खाली ठेवला. "नुसती चूक असती तर चाललं असतं रे. पण त्याच संध्याकाळी तुला कळलं होतं?"

मी हो म्हणालो.