सुमनचा वाफा

हे मी घरात कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे. तुम्ही आमच्या भीमपूरकडचे नाही, एवढं बरं.

आम्हा बायकांचा रासायनिक खत न घालता भाजी पिकवणारा गट आहे. आदिलाबादच्या रयतू बाजारात, शेतकरी थेट विकतात तिथं, आमचा पालक लोक नावानं मागतात. तपासायला बाहेरचं कुणी येत नाही. एकमेकींच्या वाफ्यांची हमी आम्हीच घेतो. माझी हमी घेतली होती धाकट्या जावेनं — सुमननं.

त्या हिवाळ्यात थंडी फार. थंड मातीत शेणखत लवकर कुजत नाही आणि पालकाला तर नत्र सुरुवातीलाच हवं असतं. सगळ्यांचाच पालक पिवळा पडला. माझाही. मी गटाची पुढारीण, आणि माझाच पिवळा? चीड आली मला. घरात कपाशीसाठी आणलेलं युरियाचं पोतं होतं. शेण-गोमूत्र कालवलेल्या जीवामृताच्या ड्रमात मी ओंजळभर — नाही, ओंजळभर नाही. किती ते आठवतं, सांगवत नाही.

थोड्याच दिवसांत पानं हिरवीगार. बायका बघायला आल्या. तिथं तरी गप्प बसायचं ना? मी कृती सांगत सुटले. गूळ थोडा जास्त, बेसन थोडं जास्त, ड्रम रोज नीट ढवळायचा. किती गोड बोलत होते मी!

सुमननं सगळं तसंच केलं. पानं पिवळीच. मग तिनं धीर सोडून ताजं शेण घातलं, पाणी न मिसळता गोमूत्र ओतलं. रोपं जळून गेली. वाफ्याशी बसून म्हणाली, "माह्या हातालेच गुण नाही वं बाई."

तेव्हा बोलता आलं असतं. मी काय म्हणाले? "ढवळण्यात कमी पडली अशीन तू."

युरियाचं मला एवढं वाटत नाही. हे वाक्य मात्र सलतं — जेवताना, भाजी निवडताना, कधीही.

तिनं गट सोडला. आता लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते. तिचा वाफा माझ्याकडे आला. मी घेतलाही! आता मी कुजलेलं खत पेरणीच्या बरंच आधी घालते, शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, घालते. युरिया नाही. पण म्हणून काय झालं?

परवा सुमन आली. तिची लेक पहिलटकरीण, माहेरी आली आहे.

"पोरीले डॉक्टरनं पालेभाजी सांगतली, बाई. बाजारातल्या भाजीत काय टाकतेत, कोनाले मालूम? तुमचाच पालक द्या. तुमच्यावर भरोसा हाय."

तिच्याच वाफ्यातला पालक कापून मी तिच्या ओटीत टाकला. ती वाफ्याकडे बघत राहिली.

"माह्या टायमाले काऊन नाही आला असा?"

आणि मी — परवाच, बरं का — म्हणाले, "हाताचा गुण असते, सुमन."