पावसामागचं वादळ

श्यामसुंदर वझलवार मनानं भित्रा होता आणि ते तो लपवतही नसे. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहायचा, रेडिओदुरुस्ती फौजेत शिकलेला. १९६५च्या लढाईत शहराजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यानं त्याला एका जुन्या रडारवर बसवलं. काम एवढंच, की गडगडाटी पाऊस दहा मैलांच्या आत आला की फोन करायचा. मग गोळ्यांत दारू भरणाऱ्या कामगारांना शेडबाहेर काढत. तिथे वीज पडली असती तर काहीच उरलं नसतं. त्याचा धाकटा भाऊ रत्नाकर त्याच शेडमध्ये होता.

रडारला वीज दिसत नाही. छतावरची थाळी फिरत फिरत लहरी सोडते, आणि पावसाच्या थेंबांवर आपटून त्यांचा थोडासा अंश परत येतो. परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. थेंब मोठे आणि दाट असले की पडद्यावरचा डाग उजळ. असा डाग दिसला की त्यात वीज आहे असंच धरून चालायचं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी पश्चिमेकडून तसा डाग आला. शेड रिकामी झाली. पण नऊ मैलांवरून तो उत्तरेकडे वळला आणि हळूहळू लांब जाऊ लागला. उत्पादनाचे अधिकारी बापूसाहेब स्वतः जिना चढून वर आले.

"वझलवार, डाग तर चालला. आता काहून अडवून राहिले? संध्याकाळच्या गाडीनं माल जायचा आहे."

"साहेब, त्याच्या मागे काहीच दिसून नाही राहिलं."

"अच्छा, मग झालं तर!"

"तसं नाही जी. जोराच्या पावसात आपली लहर जिरून जाते, पलीकडे पोचतच नाही. मागे कोरडं आहे का दुसरं वादळ, हे मशीन नाही सांगू शकत."

बापूसाहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "भाऊ त्या शेडमध्ये कामाला आहे म्हणून तर नाही ना?"

श्यामसुंदरनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हे ज्ञान बोलतंय की भीती, ते त्याचं त्यालाच सांगता येईना. तिकडे सीमेवर गोळे कमी पडले तर?

"भाऊ आहे, साहेब. भीतीही वाटून राहिली. पण वीस मिनिटं द्या. जबाबदारी माझी, लिहून देतो."

त्यानं लिहून दिलं आणि खाली सही केली. मग दोघंही पडद्याकडे बघत उभे राहिले. थाळी फिरत होती. दहा मिनिटं गेली. बापूसाहेब घड्याळ बघत होते.

बाराव्या मिनिटाला पहिला डाग बाजूला सरकला आणि त्याच्या आडून दुसरा निघाला, दुप्पट मोठा, अकरा मैलांवर, सरळ कारखान्याच्या रोखानं.

"अरे बाप रे," बापूसाहेब म्हणाले आणि खाली बसले.

अर्ध्या तासात अंधारून आलं. शेडपासून शंभर पावलांवरचं कडुलिंबाचं झाड विजेनं उभं चिरलं. माणसं लांबच्या भिंतीआड होती. कुणाला खरचटलंही नाही. रत्नाकर मात्र उशिरापर्यंत थांबावं लागलं म्हणून चिडला होता.

लढाई संपल्यावर श्यामसुंदरनं शहरातल्या सदर भागातल्या रेडिओच्या वर्कशॉपात बदली मागितली. मिळाली नाही, पडदा वाचणारा दुसरा कुणी नव्हता. पुढे आठ वर्षं तो त्या खोलीत बसला. त्याची बायको शैलजा सांगायची, पावसाळाभर त्याचा डबा तसाच भरलेला घरी यायचा.