बाईंचा डबा

बाईंइतकं भित्रं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. हे मी कौतुकानं लिहिते आहे. खलिस्तानवरून पंजाब पेटला होता त्या वर्षांत चंदीगडमध्ये शूरपणाचा नुसता सुकाळ होता. बसमधून माणसं उतरवून गोळ्या घालणारे शूर, घरातून पोरं उचलून नेणारे शूर, आणि दोन्ही बातम्या चहाबरोबर वाचून ‘बरी अद्दल घडली’ म्हणणारेही शूर. बाई तेवढ्या घाबरत. गोळ्या घालणारे फटफटीवरून येत, म्हणून जवळून फटफटी गेली की माझा दंड घट्ट धरत. अंधार पडायच्या आत घराला कडी, कडीवर साखळी, आणि साखळी लागली का ते पाहायला पुन्हा पुन्हा फेऱ्या.

मूळच्या सांगलीकडच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन आलेले. बाई युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी त्यांची एकुलती मराठी विद्यार्थिनी. बंदूकवाले आणि पोलीस, दोघांच्याही खुनांविरुद्ध आम्ही काही जण पत्रकं वाटायचो. ‘आली का पत्रकवाली,’ बाई म्हणत. ‘ते कागद इथं टेबलावर नकोत हं. मला आधीच झोप नाही.’ तरी वाचत. ‘एवढं ओरडून लिहू नये गं,’ म्हणत. ‘घाबरलेल्या माणसाला ओरडलेलं ऐकू येत नाही.’ मला राग यायचा. ओरडायचं नाही तर काय ओव्या म्हणायच्या?

त्यांचा सगळा जीव एका जांभळ्या फुलात होता. कुंडीत कुठंही वाढणारी साधी वनस्पती. तिच्या केसरांवर बारीक लव असते, आणि त्या लवेचा एकेक केस म्हणजे मण्यांची माळ, एकामागं एक पेशी. काचेच्या अतिसूक्ष्म सुईनं एका पेशीत चमकणारा रंग सोडायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रंग शेजारच्या पेशीत शिरतो, तिथून पुढच्या. पेशींच्या भिंतींतून बारीक वाटा असतात; लहान रेणू त्यांतून जातात, मोठे अडतात. पण सुई जरा जोरात लागली की पेशी त्या वाटांना बूच बसवते. रंग जागच्या जागी थांबतो.

‘लो मॅडमजी, कर्फ्यू लग गया,’ गुरमीत म्हणायचा. गुरमीत बाईंकडे पीएच.डी. करत होता. मोहालीचा, उंचापुरा, फिक्या निळ्या पगडीचा. सुई धरावी तर त्यानंच. बाई आपल्या अर्ध्या मराठी हिंदीत म्हणत, ‘लगने दे. जखम झालीय तिला, दार लावणारच. ते बूच विरघळतं पुन्हा. बैठो.’ आणि बसत. दुसरा कुणी ती पेशी टाकून नवा केस घेईल. बाई त्याच पेशीपाशी बसून राहत.

ही फुलं दुपारपर्यंत मिटून जातात. म्हणून बाई रोज सकाळी घरच्या कुंडीतली फुलं स्टीलच्या डब्यात ठेवत, डब्याला ओलं फडकं गुंडाळत, आणि बसमध्ये ऊन लागू नये म्हणून तो सीटखाली सरकवत. प्रत्येक बसमध्ये पाटी होती : सीटखाली बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका. ती पाटी वाचून बाईंना रोज घाम फुटायचा. आपला डबाही सीटखालीच आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी गुरमीतही आमच्याच बसमध्ये होता. पोलिसांनी झडतीसाठी बस थांबवली. सगळ्यांना खाली उतरवलं. बाई घाबरून माझ्याआधी उतरल्या आणि डबा राहिला. आमच्या मागून उतरणाऱ्या गुरमीतला तो दिसला. त्यानं उचलला आणि बाईंना द्यायला घेऊन आला.

फडक्यात गुंडाळलेला डबा आणि हातात धरणारा तरणा सरदार. एवढं पुरलं.

‘ओए! थल्ले रख! हाथ उप्पर!’ बंदुका वळल्या. लोक धडपडत मागं पळाले. गुरमीत गुडघ्यांवर बसला, डबा समोर. मी, पत्रकवाली, रस्त्याकडच्या खांबाला टेकून उभी. आणि माझा दंड सोडून बाई चालू लागल्या.

‘मॅडम, पीछे!’

‘मेरा है,’ बाई म्हणाल्या. त्या डब्यापाशी रस्त्यावरच बसल्या. फडकं सुटेना. मग दातांनी गाठ सोडली आणि झाकण उघडलं. जांभळी फुलं.

कुणी हसलं नाही, माफीही मागितली नाही. ‘इसको पूछताछ के लिए ले जाना पड़ेगा,’ साहेब म्हणाला. त्या काळी पूछताछला गेलेली पोरं परत येतीलच असं नव्हतं. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्या जीपमध्ये चढून गुरमीतच्या शेजारी बसल्या. ‘मग मीही येते,’ म्हणाल्या. भीतीनं हिंदीच विसरल्या होत्या.

दुपारी दोघं परत आले. बाई होत्या म्हणून आले, एवढंच मी म्हणेन.

पण गुरमीत प्रयोगशाळेत यायचा थांबला. मग बाई दर रविवारी मला घेऊन मोहालीला त्याच्या घरी जाऊ लागल्या, वाटभर माझा दंड धरून. दार साखळीएवढंच उघडायचं. फटीतून त्याच्या आईचा हात यायचा. बाई फुलांचा डबा उभा करून आत सरकवत. फुलं काढून तो लगेच धुऊन परत मिळायचा, नंतर नंतर त्यात पिन्नीचे लाडू. एकदा फटीत गुरमीतची बोटं दिसली.

‘मॅडमजी, सुई कौन पकड़ता है?’

‘कोई नहीं. मेरा हाथ काँपता है.’

‘मेरा भी, जी.’

‘फिर दोनों बैठेंगे,’ बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दाराला कुलूप होतं. शेजारणीनं खिडकी अर्धी उघडली, ‘पता नहीं जी,’ म्हणाली आणि लावून घेतली. बाई बराच वेळ पायरीवर बसल्या. मग डबा तिथंच ठेवला.

‘फुलं कोमेजतील की हो, बाई.’

‘कोमेजू देत. डबा ओळखेल तो.’

निघता निघता त्या थबकल्या. परत गेल्या, फडकं काढून पिशवीत टाकलं, झाकण काढून बाजूला ठेवलं. ‘असू दे उघडाच,’ म्हणाल्या. ‘उगाच कुणी भ्यायला नको.’

गल्लीच्या तोंडाशी फटफटी वाजली. बाईंनी माझा दंड धरला. या वेळी मीही त्यांचा धरला.