चपलांच्या रांगेत आजीचे बूट

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५. नेपरव्हिल. सकाळपासून बर्फ. शैलेंद्रने दोनदा ड्राइव्हवे साफ केला. अंतराबरोबर ट्रेनने शिकागोला जाऊन आधुनिक चिनी कलेचे प्रदर्शन पाहिले. निराशा झाली.

एवढं लिहून नीलांबरीताई थांबल्या. शेवटचं वाक्य खोडावं का? पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी रोजनिशीची सवय लावली, तेव्हापासून साठ वर्षांत त्यांनी वहीत खोटं लिहिलं नव्हतं. तोंडानं मात्र त्या सगळ्यालाच छान म्हणत. यजमान गेल्यावर, पाच महिन्यांपूर्वी त्या मुलाकडे, शैलेंद्रकडे, राहायला आल्या. तेव्हापासून पास्ता छान, थंडीही छान. सतरा वर्षांची नात अंतरा मग त्यांना काही विचारेनाशीच झाली होती. "आजी, येतेस?" असं तिनं आपणहून आज पहिल्यांदाच म्हटलं होतं. हिला पुन्हा आपल्याला न्यावंसं वाटलं पाहिजे, एवढंच नीलांबरीताईंच्या मनात होतं.

धुक्यातले डोंगर, बांबू, करकोचे बघायला मिळतील अशी त्यांची कल्पना. निघालं काय, तर एका दालनात नुसते फिरणारे टेबलफॅन, दुसऱ्यात मोबाइलच्या चार्जरांचा ढीग, तिसऱ्यात बर्फाची लादी धुणाऱ्या माणसाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ.

"कसं आहे, आजी?"

"छान आहे."

"हे पण?"

"छान."

अंतरानं खांदे उडवून फोनमध्ये डोकं घातलं.

शेवटच्या दालनाच्या दाराशी कापडी चपलांची रांग होती. नीलांबरीताईंनी सवयीनं आपले बूट काढले, टाचा जुळवून रांगेच्या टोकाला ठेवले आणि मोज्यांवर आत गेल्या. आत चार पांढऱ्या भिंती. बाहेर येतात तो दोघंजण त्यांच्या बुटांचे फोटो काढत होते. त्या बूट उचलायला वाकल्या, तसा पहारेकरी धावला.

"मॅडम, डोन्ट टच द आर्ट!"

"दे आर माय शूज," नीलांबरीताईंनी ठणकावलं.

त्यानं साहेबांना फोन लावला. तेवढ्यात अंतरा पळत आली.

"आजी! अगं, त्या चपलाच आर्ट होत्या!"

झालं. आता ही कसली पुन्हा नेते! मग जपायचं तरी काय उरलं?

"अंतरा, खरं सांगू? इथे धड ठेवलेली वस्तू एकच, ती म्हणजे माझे बूट. बाकी सगळं टुकार."

अंतरा बघतच राहिली. मग इतकी हसली, की भिंतीला टेकून उभी राहिली.

"फायनली! मी पण जाम बोअर झाले. तू छान छान करत होतीस, मला वाटलं मलाच काही कळत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

दहा मिनिटांनी हातमोजे घातलेल्या एका बाईंनी बूट अलगद उचलून आणून दिले. परतीच्या गाडीत अंतरा म्हणाली, "नेक्स्ट सॅटर्डे कुठे जायचं, तू ठरव. आवडलं नाही तर तिथल्या तिथे सांगायचं. डील?"

"डील."

"आणि काल मी केलेला पास्ता?"

"मीठ नव्हतं."

"आजी!"

नीलांबरीताईंनी 'निराशा झाली' तसंच ठेवलं आणि खाली एक ओळ लिहिली:

रात्री पिठले-भात. पिठले तिखट झाल्याचे अंतराने सांगितले.