थँक यूची फाइल

सरकारी ऑफिसात फाइली साचतात हे सगळ्यांना माहीत आहे. किस्से त्याहून जोरात साचतात, पण त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, म्हणून बाहेर कळत नाही. दुपारच्या डब्याला एकाने एक सांगितला की दुसऱ्याला आपला आठवतो, आणि मग तीन वाजेपर्यंत कुणी जागेवर जात नाही. लोक बिचारे खिडकीशी उभे असतात. असो.

आमच्या शाखेतले निम्मे किस्से एकट्या वृंदाचे आहेत. वृंदा खांडेकर, माझ्या शेजारच्या टेबलाची. माहेर उज्जैनचं, घर बाग सेवनियात, नवरा मंडीदीपच्या कारखान्यात शिफ्टवर, मुलगी सई यंदा बारावीला. मी इंदूरची, राहते तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. या हिंदी मुलखात शाखेत मराठी आम्ही दोघीच. त्यामुळे कुणाची निंदा करायची असली की आम्ही बिनधास्त मराठीत करायचो. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, सक्सेना हे ग्वाल्हेरला मराठी शेजारात वाढलेले आहेत आणि त्यांना आमचा शब्द न् शब्द कळतो, हे आम्हाला चार वर्षांनी समजलं! त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "बोलत राहा, मन हलकं होतं."

तर ही वृंदा मिसरोदच्या रविवारच्या क्लासला जाऊन थीम कुकीज शिकली. थीम म्हणजे ज्याचं जे काम, त्याला त्या आकाराची कुकी. शिंप्याला कात्री, पोस्टमनला पाकीट, वर रंगीत साखरेची नक्षी. बिस्किट म्हटलेलं तिला चालत नाही. ती त्या विकतही नाही. कुणी तिचं काम केलं की थँक यू म्हणून घरी करून देते. आता मला सांगा, सरकारी ऑफिसात काम झाल्यावर कुणी काही देतं का? देणारे आधी देतात! एवढी साधी गोष्ट या बाईला वीस वर्षांच्या नोकरीत कळली नाही.

त्यात यंदा तिची पार लांबच्या मंडल्याला बदली निघाली. मुलगी बारावीला, नवरा शिफ्टवाला, ही मंडल्याला गेली तर घर कोण बघणार? बदली रद्द व्हावी म्हणून तिने अर्ज केला, आणि त्या अर्जाला जो जो हात लावेल त्याला थँक यू म्हणायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांना घाम फुटला.

*

पहिला प्रयोग मात्र ऑफिसबाहेर झाला होता, दाताच्या डॉक्टरांवर. रूट कॅनाल न दुखता झालं म्हणून वृंदाने दाढेच्या आकाराच्या कुकीज केल्या. पांढऱ्याशुभ्र, मुळांसकट! एका दाढेत तर तिने चांदीसुद्धा भरली होती.

पण नव्या ओव्हनची सवय नव्हती, त्यामुळे त्या जरा जास्त भाजल्या गेल्या. जरा म्हणजे, मी एक टेबलावर आपटून पाहिली तर टेबलाचा टवका उडाला.

चार दिवसांनी वृंदा तपासणीला गेली तर वेटिंग रूममध्ये बसायला जागा नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने त्या कुकीज आल्यागेल्या पेशंटना वाटल्या होत्या. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "मैडम, थैंक यू तो हमें कहना चाहिए!"

*

माझ्या क्वार्टरचा स्वयंपाकघरातला नळ दीड वर्ष गळत होता. तक्रार केली होती, तक्रार क्रमांक मिळाला होता, तो मला पाठ झाला होता. एक दिवस खरंच प्लंबर आला आणि दहा मिनिटांत नळ दुरुस्त करून गेला. त्या दिवशी नेमकी वृंदा माझ्याकडे आलेली. दुसऱ्या दिवशी प्लंबरला नळाच्या आकाराच्या कुकीज पोचल्या, तोटीला निळ्या साखरेचा थेंब!

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघते तर तीन प्लंबर.

"कौन-सा नल है?"

"भैया, अब कोई नहीं टपक रहा।"

"कोई बात नहीं मैडम, देख लेते हैं।"

त्यांनी घरातले तिन्ही नळ उघडून पाहिले. आता तिन्ही गळतात. मला नवीन तक्रार क्रमांक मिळाला आहे.

*

बदलीच्या अर्जाला सेवापुस्तिकेची प्रत जोडावी लागते. ती असते रेकॉर्डच्या तिवारीजींकडे. तिवारीजींनी ती दोन दिवसांत काढून दिली. आमच्याकडे दोन दिवस म्हणजे विमानाचा वेग झाला. वृंदाला भरून आलं. तिने सेवापुस्तिकेच्याच आकाराच्या कुकीज केल्या, तपकिरी कव्हर, वर तिवारीजींचं नाव.

डबा उघडला आणि तिवारीजींचा चेहरा उतरला.

"काम तो हो गया था मैडम... फिर ये किसलिए?"

"थैंक यू है, तिवारीजी।"

"वो तो ठीक है। पर किसलिए?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत काम झाल्यावर त्यांच्याकडे वळूनसुद्धा कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे नक्कीच या पुस्तिकेत काहीतरी आहे, जे आपल्या नजरेतून सुटावं अशी बाईंची इच्छा आहे! त्यांनी प्रत परत मागवली, दार लावून घेतलं आणि पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली. लग्नानंतरच्या नावबदलाच्या नोंदीवर सही होती, शिक्का नव्हता. झालं! आक्षेप निघाला. त्या एका शिक्क्यासाठी वृंदा तीन आठवडे धावली.

कुकीज मात्र तिवारीजींनी परत केल्या नाहीत. म्हणाले, "ये तो अब रिकॉर्ड में लगेंगी।"

मी वृंदाला फैलावर घेतलं. "यापुढे कुणालाही थँक यू म्हणायचं नाही! रिटायर झालीस की सगळ्यांना एकदम म्हण."

"पण ताई, मग त्यांना कळणार कसं की त्यांनी काम चांगलं केलं?"

मग मी तिला आणखी थोडी रागावले.

*

पुढे अर्जावर विधी शाखेच्या दुबेजींनी अनुकूल अभिप्राय दिला आणि सक्सेना बाबूंनी चांगली टीप लिहिली. आता दोघांना थँक यू द्यायलाच हवं! माझ्या धाकाने वृंदाने या खेपेला काही आकार-बिकार केले नाहीत. साध्या गोल कुकीज, वर फक्त 'धन्यवाद'.

पण एवढा शब्द एका कुकीवर मावेना. म्हणून तिने जोड्या केल्या, एकीवर 'धन्य' आणि दुसरीवर 'वाद'. डबे भरायचं काम सईकडे होतं. तिचा क्लास होता, घाई होती. तिने रंग बघून डबे भरले. सगळ्या गुलाबी एकात, सगळ्या हिरव्या दुसऱ्यात.

गुलाबी डबा सक्सेना बाबूंना गेला. त्यांनी उघडून पाहिलं. धन्य, धन्य, धन्य, धन्य... आठ वेळा! त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मराठीत म्हणाले, "चला, तीस वर्षांनी कुणीतरी मानलं."

हिरवा डबा दुबेजींना. आता विधी शाखेत वाद म्हणजे भांडण नव्हे, कोर्टातली केस. दुबेजी डबा हातात धरून जिना उतरून धावत आले.

"मैडम, आप शासन के विरुद्ध आठ वाद दायर कर रही हैं?"

आम्ही समजावून समजावून थकलो. शेवटी तोडगा म्हणून मी सक्सेना बाबूंना सांगितलं, चार धन्य इकडे द्या, चार वाद तिकडून घ्या. तर ते म्हणाले, "एकदा मिळालेलं मी परत करत नसतो!" संध्याकाळपर्यंत दुबेजींनी आठही वादांची वेगळी नस्ती उघडली होती.

*

सक्सेना बाबूंना शुगर आहे. ते कुकीज खाईनात, आणि दुसऱ्याला देईनात. डबा त्यांनी आपल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवला.

इकडे वृंदाचा अर्ज गायब झाला. वरचे म्हणायचे, आलाच नाही. खालचे म्हणायचे, केव्हाच पाठवला. सोमवारी तिने मंडल्याला हजर व्हायचं होतं. बुधवारी तिने बॅग भरायला घेतली. सई आईशी बोलेनाशी झाली होती, आणि वृंदा टेबलाशी बसून उगाच पिना मोजल्यासारखं करायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एरवी मला लोकांचं बरंच बघवतं.

गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावरून लाल मुंग्यांची रांग चाललेली दिसली. रांग पार सक्सेना बाबूंच्या कपाटात जात होती. कपाट रिकामं करण्याशिवाय इलाज नव्हता. कित्येक वर्षांनी ते पूर्ण उघडलं! आतून दोन स्वेटर निघाले, एक थर्मास निघाला, जुनी कॅलेंडरं निघाली, आणि सगळ्यात खाली तो 'धन्य'चा डबा. डब्याच्या खाली वृंदाची फाइल.

फाइल कपाटात ठेवून डबा तिच्यावर त्यांनीच ठेवला होता!

मी त्यांना जे बोलले ते शुद्ध हिंदीत बोलले, म्हणजे समजण्याचा काही प्रश्नच नको. त्यांनी ऐकून घेतलं. मग फाइल काखेत मारली आणि लिफ्ट बंद होती तरी तीन मजले चढून ती थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

वृंदाचे डोळे भरून आले होते. मला म्हणाली, "ताई, मुंग्यांसाठी कुठली थीम करू?"

*

मोठे साहेब नवीन होते. बोलायचे कमी, हिरव्या शाईत लिहायचे त्याहून कमी. शुक्रवारी संध्याकाळी फाइल खाली आली. बदली रद्द! सक्सेना बाबूंनी स्वतःच्या खिशातून चहा पाजला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. आम्ही सगळ्यांनी वृंदाला शपथ घातली, "काहीही झालं तरी साहेबांना कुकीज द्यायच्या नाहीत!" तिने मान डोलावली.

सोमवारी अकरा वाजता मला कळलं की ती सकाळीच साहेबांच्या पीएकडे डबा देऊन आली आहे. सहा कुकीज, चष्म्याच्या आकाराच्या. आता साहेबांना चष्माच नाही! "अगं, चष्मा कशाला?" विचारलं तर नुसती हसली.

अर्ध्या तासात वरून निरोप आला. साहेबांनी फाइल परत मागवली आहे.

रद्द झाल्याचा आदेश अजून मंडल्याला गेलेला नव्हता. साहेबांनी एक रेघ मारली असती तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. वृंदा पांढरी पडली होती. सईने शाळेत मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं की आई जात नाहीये. त्या दुपारी कुणी डबा उघडला नाही, आणि कुणी किस्साही सांगितला नाही.

चार वाजता फाइल आली. सक्सेना बाबूंनी उभं राहून वाचली. बदली रद्द केल्याच्या टिपेखाली हिरव्या शाईत नवीन ओळ होती:

"धन्यवाद का कारण स्पष्ट करें।"

मग उत्तर काय द्यायचं यावर सगळी शाखा जमली. सक्सेना बाबू म्हणाले, "लिही, धन्यवाद त्रुटिवश दिया गया, भविष्य में पुनरावृत्ति नहीं होगी।" दुबेजी वरून खाली आले होते, ते म्हणाले, "ये भी जोड़िए कि इसे नज़ीर न माना जाए।" म्हणजे पुढे कुणी याचा दाखला देऊ नये. तिवारीजींचं मत पडलं की आधी सेवापुस्तिका परत एकदा बघून घ्यावी. मी म्हटलं, "लिही, डबा चुकून दिला, दुसऱ्याचा होता!"

वृंदाने कुणाचंच ऐकलं नाही. तिने फाइल ओढून घेतली आणि आठवं पान उघडून आमच्यापुढे धरलं. अर्जाची एकूण अकरा पानं. आमच्या सहा जणांच्या सह्या पहिल्याच पानावर, 'यथाप्रस्तावित'च्या, म्हणजे 'सुचवल्याप्रमाणे'च्या, खाली. आठव्या पानावर सईच्या परीक्षेच्या तारखा होत्या. त्या तारखांच्या खाली पेन्सिलने बारीक रेघ ओढलेली होती, आणि एक तारीख चुकीच्या महिन्यात पडली होती ती समासात दुरुस्त केलेली होती.

मग तिने पेन घेतलं आणि साहेबांच्या ओळीखाली लिहिलं, "महोदय, कारण यह कि आपने फाइल पढ़ी।"

सक्सेना बाबूंनी ते दोनदा वाचलं. फाइल घेऊन पुन्हा तीन मजले चढले.

पंधरा मिनिटांत ते खाली आले. वृंदाच्या ओळीखाली हिरव्या शाईत एकच शब्द होता.

"मान्य।"